पणजोबांचं फावडं

टण्... टण्... टण्.

दारामागं फावडं वाजलं. तीनदा.

लंकाबाईचा हात पिठातच थांबला. घरात ती आणि चार वर्षांची विजू, दोघीच. विजू तर तिच्या पाठीला टेकून बसलेली.

मग वाजवलं कुणी...?

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. लंकाबाई माझी थोरली जाऊ. साल बाहत्तर, चैत्रातली भर दुपार, जामखेडपासून दोन कोसांवरचं आमचं कोरडंठाक गाव.

ते फावडं शेतातलं नव्हतं. सासरचे पणजोबा, आसाराम, जुन्या दुष्काळात मुंबईला गेले आणि इंग्रजांच्या लढाऊ जहाजावर भट्टीत कोळसा टाकणारे कोळसेवाले झाले. शिडं होती, पण जहाज वाफेवर चालायचं. त्यांनी एडन पाहिलं, मस्कत पाहिलं, झांजिबारपाशी गुलामांनी भरलेली गलबतं धरलेली पाहिली. पाहिलं कसलं, ते खाली भट्टीपुढंच असायचे. वरचे लोक सांगायचे.

अठरा वर्षांनी जहाज थकलं. तोफा उतरवल्या, त्याचं कोळशाचं कोठार केलं, शेवटी मोडीत काढलं. पणजोबांनी आपलं फावडं तेवढं मागून आणलं.

आणि एक रीत आणली.

भट्टीपाशी बोललेलं ऐकू येत नसे. पाळी संपली की फावड्यावर तीन ठोके द्यायचे. म्हणजे, मी वर जाऊ? बदलीवाल्यानं एक द्यायचा. म्हणजे, जा, आता मी आहे. तो एक ठोका येईपर्यंत जागा सोडायची नाही. जहाज बुडत का असेना.

आमच्या घरात परगावी निघालेला तीन ठोके देतो, मागं राहणारा एक.

लंकाबाईचे मालक, कानिफनाथ, नौदलात होते. इंजिनघरात. दिवाळीची रजा संपवून निघाले तेव्हा लढाईची कुणकुण होती. त्यांनी तीन ठोके दिले. लंकाबाई हाताची घडी घालून उभी.

"वाजव की गं. एसटी जाईल माजी."

तिनं वाजवलं नाही. न वाजवल्यानं माणूस थांबेल, असं त्या वेड्या जिवाला वाटलं.

ते हसले. विजूचा गालगुच्चा घेतला, आणि गेले.

मार्गशीर्षात तार आली. जहाज बुडालं होतं. इंजिनघरातलं कुणी वर आलं नव्हतं.

देह आला नाही, म्हणून लंकाबाईनं बांगड्या फोडू दिल्या नाहीत.

आणि आता रोज दुपारी... तीन ठोके. मग शांतता. कुणीतरी वाट पाहत असल्यासारखी.

फावड्याखालची जमीन ओली व्हायची. गावात प्यायला पाणी नव्हतं, आणि तिथं ओल. लंकाबाईनं बोट जिभेला लावलं...

खारट.

सासूबाईंनीही ऐकलं. त्या दारापाशी येऊन बसल्या.

"लंका, माजं लेकरू खाली हुबं हाय गं. सोड त्याला."

"सोडलं तर त्ये जातील, आत्याबाई."

 सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला.

नवव्या दिवशी ठोके मंद आले. हात भरून आल्यासारखे. तिसरा तर जेमतेम...

लंकाबाई उठली. मी उंबऱ्यातच होते. तिनं मूठ वळली आणि मनगटासकट फावड्यावर मारली.

एकदा.

बांगड्यांच्या काचा जमिनीवर पडल्या. फावडं थरथरलं आणि गप्प झालं. दिवस मावळायच्या आत ओल सुकली. त्यानंतर ते कधी वाजलं नाही. पण त्या दारामागचा केर काढायला मला अजून धीर होत नाही.

लंकाबाई तिथंच बसली होती. विजू जवळ आली. आईच्या रिकाम्या मनगटावरून तिनं हात फिरवला.

"आई, आता तुजी पाळी व्हय? तू कदी जानार खाली?"