थोरलीची चूक

“याच हातांनी माझी चिमी नेलीस! आता ठमीवर डोळा आहे का तुझा?”

धाकटीने दार धाडकन लावून घेतलं, आणि खांद्याला लसींचा थंड डबा अडकवलेली थोरली उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या, आणि तिने मान वर करताच मिटल्या. सात वर्षं... सात वर्षांत या दाराने तिला एकदाही आत घेतलं नव्हतं! पण आजची गोष्ट वेगळी होती. घटसर्पाने आठ दिवसांत गल्लीतली दोन मुलं गिळली होती, आणि सकाळपासून तिने वाजवलेल्या एकतीस दारांपैकी उघडली होती फक्त चार.

“स्वतःच्या घरचं पोर जिला राखता आलं नाही, तिच्याकडून सुई टोचून घ्यायची?” लोक एकमेकांना सांगत होते, आणि तिच्या कानी पडेल अशा बेतानेच सांगत होते.

थोरली ही या घरची मोठी सून, सरकारी दवाखान्यातली नर्स. नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा. तो देव मानत नसे, पण आई प्रार्थनेला बसली की रेडिओचा आवाज आपणहून कमी करी. “माणसाच्या वर माणूस नाही आणि माणसाच्या खालीही माणूस नाही, एवढं पाळायचं म्हटलं तरी जन्म पुरत नाही,” असं तो म्हणे. त्याचा जन्म तर अगदीच पुरला नाही. लग्नाच्या पाचव्या वर्षी तो गेला. मागे राहिलेल्या थोरलीने त्याचं तेवढं वाक्य उराशी धरलं. तिच्या वहीत मुलाचं नाव, वय आणि घर एवढंच असे. कोण कुठल्या धर्माचा, हे ती विचारत नसे. “रोग विचारत नाही, मग मी कशाला विचारू?” म्हणे. गल्लीत चार तऱ्हेच्या प्रार्थना चालत आणि चौघांचं एकमेकांशी पटत नसे. पण पोर तापलं की सगळे मंतरलेला दोरा गळ्यात बांधणाऱ्या त्या एका दोरेवाल्याच्या दारात रांग लावत. एवढ्या बाबतीत सर्वांची अभेद्य एकी होती!

सात वर्षांपूर्वी धाकटीच्या चिमीची छाती कफाने भरली. चार वर्षांची पोर, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या. थोरलीने डॉक्टरांना दाखवून औषध आणलं, दर सहा तासांनी एक चमचा द्यायचं म्हणून सासूबाईंना दहादा बजावलं, आणि शहराबाहेरच्या वस्तीत तापाची साथ होती म्हणून ती चार दिवसांच्या कामगिरीवर गेली. धाकटी शिवणकारखान्यात, तिचा नवरा वायरमन, तो दिवसभर खांबांवर. घरी आजी आणि नात. चौथ्या दिवशी थोरली परतली, तेव्हा अंगणात माणसं जमली होती...

हात धुवायला ती मोरीत गेली. मोरीच्या कडेला गुलाबी चिकट ओघळ वाळला होता आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. औषधाचा रंग तिने ओळखला. मागे वळली तर दारात सासूबाई.

“दोरेवाला म्हणाला, औषध आणि दोरा एका अंगावर नांदत नाहीत... म्हणून ओतलं गं मी! माझा जीव होता तिच्यावर... माझ्या लेकाला कळलं तर तो माझं तोंड बघायचा नाही. मी कुठं जाऊ?”

आणि म्हातारीने सुनेचे पाय धरले.

बाहेर वायरमन वेड्यासारखा ओरडत होता, “कुणाची चूक झाली? मला फक्त सांगा, कुणाची चूक झाली!” थोरली बाहेर आली. तिला वाटलं, पोर तर गेलीच. आता याची आईही याच्यापासून तोडायची? गेलेल्याचा न्याय करायला जिवंत माणूस उघड्यावर टाकायचं? तिच्या तोंडून शब्द निघून गेले...

“माझी. मी माप चुकीचं सांगितलं, भाऊजी.”

पंधरा दिवसांत वायरमन बायको आणि आईला घेऊन गल्लीतल्याच दुसऱ्या घरी राहायला गेला. निघताना सासूबाईंनी एकदा मागे वळून पाहिलं. त्यानंतर सात वर्षं थोरली एकटी राहिली.

आता दुपार चढत होती, डब्यातला बर्फ वितळत होता, आणि तिच्या पायांना एका जागी थारा नव्हता. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती येरझारा घालत होती. गेलेल्या दोन्ही मुलांचे गळे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते... सुजलेले, निळसर, आणि दोन्ही गळ्यांत दोरा! त्या दिवशी आपण दयेने एका म्हातारीला वाचवलं, असं ती स्वतःला सात वर्षं समजावत आली होती. पण त्याच दयेने दोरेवालाही वाचला नव्हता का? औषध हरलं, दोरा जिंकला, हे या गल्लीला कुणी शिकवलं? आपणच! खरं दडवून केलेली दया कुणाकुणाच्या पोरांच्या जिवावर बेतली? हा विचार सुईसारखा आत शिरला. सांगून टाकावं... आत्ता, चौकात उभं राहून! पण सत्तरीतल्या त्या जिवाला चव्हाट्यावर ओढायचं कुठल्या तोंडाने? तिला इकडे आड, तिकडे विहीर झालं.

शेवटी ती पुन्हा धाकटीच्या दारी गेली. या वेळी दार वायरमनने उघडलं. जेवायला घरी आला होता, हात खरकटा होता. आत भिंतीला टेकून सासूबाई बसल्या होत्या. धाकटीच्या कडेवर तीन वर्षांची ठमी.

“मी आत येत नाही,” थोरली म्हणाली. “मी टोचतही नाही. दवाखान्यात दुसरी नर्स आहे, तिच्याकडे न्या. माझ्यावरचा राग पोरीवर काढू नका, भाऊजी. आजच न्या... पाया पडते!”

“काही गरज नाही,” धाकटी फणकारली. “दोरा आणलाय मी. औषध आणि दोरा एका अंगावर नांदत नाहीत.”

भिंतीकडून एक चमत्कारिक आवाज आला. सासूबाई उठण्याची धडपड करत होत्या. भिंतीला धरत, धापा टाकत त्या ठमीपर्यंत आल्या आणि त्यांनी तिच्या गळ्यातला दोरा ओढून तोडला.

“आई! काय करताय?”

“मला हेच सांगितलं होतं त्यानं... हेच शब्द! चिमीचं औषध मी ओतलं. एक चमचासुद्धा दिला नाही. हिनं माप बरोबर सांगितलं होतं... हिनं माझं पाप आपल्या डोक्यावर घेतलं, आणि मी सात वर्षं तुमच्या ताटात जेवले!”

 ठमी भेदरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. वायरमनचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो आईकडे न बघता म्हणाला, “जा. आत्ताच्या आत्ता घरातून चालती हो.”

“खबरदार!” थोरली उंबरा ओलांडून आत आली, कधी आली, तिचं तिलाही कळलं नाही. “यासाठी मी तुमची आई राखली? सात वर्षं माझं घर ओस पडलं ते हिला रस्त्यावर काढायला? तिनं जीव लावला आणि ती फसली, भाऊजी! मारणारी ती नाही. तिला अज्ञानात ठेवणारे सगळे आहेत... त्यात मीही आहे. मी तेव्हा खरं बोलले असते, तर परवाची ती दोन पोरं कदाचित आज खेळत असती. माझीही चूक आहेच!”

बोलता बोलता तिचा आवाज फुटला. इतकी वर्षं अडवून धरलेलं रडू आलं ते असं, परक्या झालेल्या घरात, सगळ्यांसमोर.

धाकटी मटकन खाली बसली. तिने सासूकडे पाहिलं नाही, पुढेही कित्येक महिने ती सासूशी धड बोलली नाही. सगळं काही एका दुपारी भरून येत नसतं. पण मांडीवरच्या ठमीची बाही तिने हळूच दंडापर्यंत वर सरकवली.

“दुसरी नर्स नको,” ती खालमानेने म्हणाली. “तुम्हीच टोचा, ताई.”

ठमीने सारी गल्ली गोळा होईल असा टाहो फोडला. तो ऐकून लोक खरोखरच दारात जमले, आणि सासूबाईंनी कुणी न विचारता, भिंतीचा आधार सोडून, ती गोष्ट पुन्हा सांगितली. मग शेजारच्या घरी जाऊन सांगितली. मग त्यापुढच्या घरी. प्रत्येक दारी त्यांचा आवाज नव्याने फुटायचा आणि प्रत्येक दारी थोरली म्हणायची, “आई, आता पुरे, बसा जरा.” “बसले होते की सात वर्षं,” म्हातारी म्हणायची आणि पुढे निघायची. काहींनी तोंडावर दार लावलं, एकीने तर नको ते ऐकवलं. पण दारं उघडू लागली.

सूर्य कलला तसा थोरलीचा खांदा भरून आला. तिने डबा क्षणभर पायरीवर टेकवला. मागून कुणीतरी वाकून तो उचलला आणि पट्टा आपल्या खांद्यावर घेतला. वायरमन होता. डोळे सुजलेले, कामाला दांडी मारलेली.  

तो एवढंच म्हणाला, “पुढचं दार कुठलं, वहिनी?”