वरच्या एका रोपाची जागा

चंद्रावरच्या वस्तीला आमच्या गावानं दहा हजार रोपं द्यायची ठरवली होती. पण सपाट आकडा द्यायची आपल्यात रीत नाही. आहेर असो नाहीतर देणगी, वर एक ठेवायचाच. म्हणून मी नातीला म्हटलं, "मुक्ते, वरचं एक तुझं." तिनं करवंटीत वाढवलेली अबोली आणून ठेवली. झाली दहा हजार एक.

आणि तिथंच घोळ झाला बघा!

यानाच्या दारात माल लावायला यंत्रमानव होता. आम्ही त्याला ठोंब्या म्हणायचो. तो अडूनच बसला. "शंभर ओळी, ओळीत शंभर रोपं. ही करवंटी जास्तीची. परत न्या."

"ठेव की कोपऱ्यात, मेल्या!" मी ओरडलो.

"एक बाजू जड झाली तर यान कलंडेल, आजोबा. सगळ्या ओळी सारख्याच पाहिजेत."

मुक्ताचे डोळे भरले. "मग वेगळ्या ओळी लाव ना!"

"लावतो. मला शंभराचंच सांगितलंय. तू दुसरा आकडा सांग, किती उरतात ते मी सांगतो. पण दार बंद व्हायच्या आत."

"दोन?"

"एक उरतं."

"तीन?"

"दोन उरतात."

"चार?"

"दोनानं भाग गेला नाही, तो चारानं कसा जाईल? चार म्हणजे दोन दुणे. तू फक्त मूळ संख्या विचार (एकाहून मोठी संख्या, जिला फक्त एकानं आणि त्याच संख्येनं पूर्ण भाग जातो). पाच, सात, अकरा अशा."

"आणि दहा हजार एक हीच मूळ संख्या निघाली तर?"

"तर अबोली इथंच राहील."

मी मध्ये पडलो. "अरे, हजारोंपर्यंत विचारत बसली तर यान जाईल की निघून!"

"शंभरापर्यंत पुरे, आजोबा. किती ओळी आणि ओळीत किती रोपं, अशी जोडी असते. दोन्ही आकडे शंभरावर गेले, तर निदान एकशे एक गुणिले एकशे एक, म्हणजे दहा हजार दोनशे एक रोपं लागतील. तेवढी आहेत कुठं? म्हणजे जोडीतला एक शंभराच्या आतच सापडणार. नाहीतर नाहीच."

पोरगी विचारत सुटली. सतरा, एकोणीस, तेवीस... दर वेळी काहीतरी उरायचंच. दाराचा लाल दिवा लागला.

"एकाहत्तर?" आवाज पार बसला होता तिचा.

"एकसष्ट उरतात."

"त्र्याहत्तर?"

ठोंब्या म्हणाला, "काहीच उरत नाही. त्र्याहत्तर ओळी, ओळीत एकशे सदतीस."

कप्पे खडाखडा सरकले. शेवटच्या ओळीत, शेवटच्या जागी करवंटी बसली, अगदी फिट्ट.

परवा वस्तीवरून फोटो आला. काचेच्या घरात अबोली फुललीय. पुढच्या खेपेला त्यांना एक लाख रोपं पाहिजेत म्हणे. मी अर्थात वर एक ठेवणारच! मुक्ता आत्तापासूनच ठोंब्यापुढं जाऊन उभी आहे.

"दोन?"

"एक उरतं."

"तीन?"