अजून चालेल हा कॅमेरा

कॅमेऱ्याच्या दुकानाचे मालक जेवायला गेले होते. आतल्या खोलीतून जो बाहेर आला, त्याने विकण्यातलं आपल्याला काही कळत नाही, हे मला आधीच सांगून टाकलं. कपाळावर चढवलेलं भिंग काढायचं तो विसरला होता, त्यामुळे त्याची एक आठी मोठी होऊन माझ्याकडे बघत होती.

“मी दुरुस्ती करतो,” तो म्हणाला. “मालक अर्ध्या तासात येतील. बसा.”

“दुरुस्ती नकोय मला. हा द्यायचाय आणि नवा घ्यायचाय.”

“का? ह्याने काय केलं?”

“फोटो धूसर येतात. सगळे. आठ महिने झाले.”

त्याने हात पुढे केला. पट्टा मी मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला होता. तो सोडवायला वेळ लागतोय, असं मी दाखवलं.

“किती वर्षं वापरताय?”

“मी नाही. बाबा वापरायचे.”

“मग त्यांनाच विचारायचं ना, हा—”

“विचारता आलं असतं तर इथे आले नसते.”

तो थांबला. वाईट झालं, वगैरे काही म्हणाला नाही. भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला. आठ महिन्यांत माझं सांत्वन न करणारा तो पहिलाच माणूस. मला बरं वाटलं.

त्याने खिडकीबाहेरच्या तारेवर नेम धरला. एकदा बटण दाबलं, मग कॅमेरा उलटा करून मागची बाजू न्याहाळली.

“फोटो काढताना तुमचा अंगठा कुठे असतो?”

“माझ्या हाताला.”

तो हसला… आधी डोळ्यांनी आणि मग, जरा उशिरा, तोंडाने. “इथे बघा. मागच्या ह्या बटणाभोवतीचं रबर झिजलंय. बाबांनी फोकस वरच्या बटणावरून काढून ह्याला दिलाय. जनावरांचे फोटो काढणारे असं करतात. आधी अंगठ्याने फोकस धरायचा, मग वरून फोटो घ्यायचा. तुम्ही नुसतंच वरचं बटण दाबत होतात.”

आठ महिने. नदीच्या वळणावर, पहाटेच्या थंडीत, पोटावर पडून मी धूसर पाणमांजरांचे शेकड्यांनी फोटो काढले होते, आणि दोष म्हाताऱ्या कॅमेऱ्याला देत होते. मी झिजलेल्या रबरावर अंगठा ठेवला. बाबांचा अंगठा माझ्यापेक्षा बराच रुंद होता.

“हसा,” तो म्हणाला. “हसण्यासारखंच आहे.”

“तुम्ही का नाही हसत?”

“मी गिऱ्हाईक गेल्यावर हसतो.” मग तो जरा वाकून, मालकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, “नवा घेऊ नका. अजून चालेल हा.”

मालक अजून आलेलेच नव्हते.

त्यानंतर तो कॅमेरा वरचेवर आजारी पडू लागला. कधी काचेवर धूळ, कधी पट्ट्याची कडी सैल. पहाटेच्या अंधूक उजेडात फोटोत रवाळ दाणे दिसतात, ही तक्रार मात्र खरी होती. दर वेळी मी विचारायची, “आता तरी नवा घेऊ?” आणि दर वेळी तो भिंगाआडून म्हणायचा, “ठेवा हो. घाई काय आहे?”

घाई होती. बाबांनी तीन हिवाळे त्या वळणावर काढले होते, पिल्लांसह पाणमांजर टिपण्यासाठी. त्यांच्याकडे पाण्यावरची वर्तुळं होती, शेपटाची टोकं होती; पिल्लं नव्हती. यंदा मादीला दोन पिल्लं झाली होती. ती पोहायला शिकली की महिन्याभरात सगळं कुटुंब खाली, मोठ्या पाण्याकडे निघून जातं. ती जायच्या आत मला तो एक फोटो काढायचा होता.

“त्या कॅमेऱ्याला आताशा फार सर्दी होते,” आई एकदा भाजी निवडताना म्हणाली. “तुझ्या बाबांनी मलाही इतक्यांदा डॉक्टरकडे नेलं नव्हतं.”

“आई.”

“मी काय म्हणाले? डॉक्टर चांगला असला की झालं.”

एका शनिवारी त्यानेच विचारलं, “एकदा मी येऊ का… नदीवर? कॅमेरा कामावर कसा असतो, ते मी कधी बघितलंच नाही.”

“सहाला. शिंकायचं नाही.”

“आधीच ठरवून कोणी शिंकतं का?”

“तुमचा नेम नाही.”

रविवारी आम्ही गवतात शेजारी शेजारी पडलो होतो. धुकं पाण्यावरून सरकत होतं, त्याची बाही दवाने भिजून माझ्या बाहीला चिकटली होती. दोघांनीही हात हलवला नाही. शिस्त म्हणून.

साडेसहाला मादी खडकावर आली. तिच्या मागून एक पिल्लू, मग दुसरं. मी अंगठ्याने फोकस धरला. मिशांवरचा एकेक थेंब दिसत होता. वरचं बटण दाबलं.

खटाक.

त्या शांततेत तो आवाज दार आपटल्यासारखा आला. मादीने मान वर केली, एका पिल्लाला मानगुटीला धरलं, आणि खडक रिकामा झाला. फोटोत ओला दगड होता. अगदी स्पष्ट.

कितीतरी वेळ मी त्या दगडाकडे बघत राहिले.

“बाबा कॅमेऱ्याला जुना स्वेटर गुंडाळायचे,” मी म्हणाले. “मला वाटायचं, दव लागू नये म्हणून.”

त्याने नजर रिकाम्या खडकाकडे वळवली.

“आवाज दाबत होते ते. तीन वर्षं.” मी त्याच्याकडे वळले. “नव्या कॅमेऱ्यांना आवाज नसतो ना?”

“नसतो. फोटो घेताना आपटणारा आरसाच नसतो त्यांच्या आत… वाजायला काही नसतंच.”

“हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं.”

“आणि तरी सहा आठवडे मला ठेवा, ठेवा म्हणालात. पिल्लं पोहायला लागली तरी.”

त्याने गवताची एक काडी उपटली आणि तिचे दोन तुकडे केले. “नवा बिघडला की कंपनीकडे पाठवतात,” तो म्हणाला. “माझ्याकडे येत नाही. आणि मग त्याच्याबरोबर येणारं माणूसही…” काडीचे चार तुकडे झाले. “चूक झाली माझी. पहिल्याच दिवशी आवाजाचं सांगायला हवं होतं.”

मला राग आला होता. अगदी खरा. आणि त्याच वेळी आतून कुठेतरी ऊब पसरत होती, हे त्या रागालाही पसंत नव्हतं.

“उद्या दुकान किती वाजता उघडतं?”

“दहाला.”

“मी साडेनऊला पायरीवर असेन.”

पायरीवर तो माझ्याआधी उभा होता. मालकांनी नवा कॅमेरा काढला. लहानसा, हलका, बाबांची जुनी लेन्स त्याला बसावी म्हणून एक कडी सोबत. मी जुना कॅमेरा काउंटरवर ठेवला.

“हा देऊ नका,” तो हळूच म्हणाला. “ह्या वेळी माझा काही मतलब नाही. आठवण म्हणून ठेवा.”

“घरी दोन असले तर पहाटे मी हाच उचलीन.”

“आईंना विचारलंत?”

“आई म्हणाली, फोटो काढायचे म्हणून तो आणला होता, पुजायला नाही.”

मी पट्टा सोडवला. ह्या वेळी वेळ लागला नाही. हात रिकामा झाला तेव्हा एक क्षण वाटलं, परत मागावा. मी मागितला नाही.

“उद्यापासून रोज सहाला नदीवर,” मी त्याला म्हणाले. “कॅमेरा बिघडलेला नसला तरी.”

तीन सकाळी खडक रिकामाच होता. चौथ्या दिवशी धुकं दाट होतं. मला वाटलं, गेलीच ती. एवढ्यात पाणी दुभंगलं. मादी खडकावर उताणी झाली आणि एक पिल्लू तिच्या पोटावर चढलं. दुसऱ्याला चढता येईना. ते घसरायचं, फुरफुरायचं, पुन्हा लोंबकळायचं. मी बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा. मादीने डोळे मिटून घेतले होते.

डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी कॅमेरा त्याच्यापुढे सरकवला. त्याने पडद्यावर पाहिलं. मादी, दोन्ही पिल्लं, ओल्या मिशा. बराच वेळ पाहिलं.

“तुमचं काम झालं,” तो कुजबुजला.

“एक झालं. दुसरं राहिलंय.”

“कुठलं?”

“मला तुमच्याबरोबर राहायचंय. कायमचं. घरून ठरवूनच निघाले होते, म्हणून सांगून टाकते.”

तो एकदम उठायला गेला. मी त्याची बाही धरून त्याला खाली दाबलं.

“हलू नका. ती अजून इथेच आहेत. काय ते पडूनच सांगा.”

त्याने कपाळ गवतावर टेकलं. मग मान माझ्याकडे वळवली. नाकावर दव होतं, एक पातं गालाला चिकटलेलं होतं. त्याने माझ्या कानाशी ‘हो’ म्हटलं, इतकं हळू, की खडकावर कोणी डोळाही उघडला नाही.