आसारी धरणाऱ्याची नजर

“तर्जनी उचला,” डॉ. शर्वाणी देवचके म्हणाल्या.

प्राध्यापक रेवणनाथ लोणारींनी सगळं लक्ष एकवटून उजव्या हाताची तर्जनी उचलली. वर आली ती अनामिका.

“वर्गात एकाला प्रश्न विचारावा आणि उत्तर भलत्यानंच द्यावं, तसं चाललंय हे,” लोणारी म्हणाले. आयुष्यभर कॉलेजात भूगोल शिकवलेला माणूस. बोटांनाही त्यांनी मनातल्या मनात हजेरीपटावर घेतलं होतं.

नाशिकच्या त्या चेताजोड प्रयोगशाळेत समोरच्या पडद्यावर त्यांच्या मेंदूतून निघालेली आज्ञा हिरव्या रेषेनं उमटत होती. आज्ञा बिनचूक होती. घोटाळा व्हायचा तो मनगटाच्या खाली. मनगटातली कापलेली नस डॉक्टरांनी जोडली होती आणि ती पुन्हा वाढलीही होती; पण एका नसेत हजारो चेतातंतू असतात, आणि वाढताना त्यांतले बरेच चुकून शेजारच्या बोटाला जाऊन भिडले होते. त्यामुळे तर्जनीचा निरोप अनामिकेला मिळायचा आणि मधल्या बोटाचा करंगळीला. गावात टपालवाला नवा आला की पाटलांची पत्रं पाटोळ्यांकडे पडतात, त्यातलाच प्रकार.

लोणारी येवल्याचे, आणि येवल्याच्या माणसाला पतंगाचं वेड असणं हे काही सांगण्यासारखं नाही. भोगी, संक्रांत आणि कर, असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर राहायला जातं. लोणारींचा हात त्या गावातही नावाजलेला होता. वारा पडला तरी त्यांचा पतंग पडत नसे. दोऱ्यावर पाचही बोटं वेगवेगळी चालत. एक ओढत असे, दुसरं थोपवत असे, तिसरं नुसतं ऐकत असे. इतकी वर्षं त्या हाताला मांजानं कधी फार इजा केली नाही. इजा केली ती खिडकीच्या काचेनं. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना काच निखळली आणि मनगटावर आली. कुमुदताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर एक वाक्य देत असत. यांनी जन्मात घरकामाला हात लावला नाही, आणि एकदा लावला तर हातच कापून घेतला. चेष्टा झाली की आत जाऊन डोळे पुसायच्या, पण ते वेगळं.

हातावर उपाय म्हणून मिळाला होता दुभाषी हातमोजा. तो याच प्रयोगशाळेतल्या डॉ. फिरोज तांबोळींनी बनवला होता. मोजा कोपराजवळ मेंदूची आज्ञा वाचायचा, बोट भलतंच हलतंय असं दिसलं की बारीक तारांनी योग्य बोट ओढायचा, आणि झालेल्या चुकीवरून रोज स्वतःला सुधारायचा. तांबोळींचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता.

“शिकणारा मोजा आहे, सर,” ते लोणारींना सांगत. “जितकी तुमची चूक, तितकं त्याचं शहाणपण.”

पण महिने उलटले तरी गाडी पुढे जाईना. आठवडाभर बोटं ऐकू लागायची, लोणारी घरी फोन करून तर्जनीनं बटण दाबल्याची बातमी द्यायचे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यांनी डाव्या हातानं पतंग बनवून पाहिले. पतंगाच्या काड्यांना जो दोरा बांधतात त्याला मंगळसूत्र म्हणतात. ते एका बाजूला असं ओढलं गेलं, की पतंग उडण्याऐवजी गच्चीवर फुगडी घालू लागला. मागची संक्रांत त्यांनी खोलीत पडदे ओढून, जाड पुस्तक उघडून काढली होती. पुस्तक उलटं आहे हे कुमुदताईंना दिसलं होतं.

आता शर्वाणींनी मोजा उतरवून ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली. स्नायूंना योग्य आज्ञा मिळाल्या नाहीत तर ते सुकत जातात, तेव्हा फार काळ थांबता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. संक्रांतीनंतरच्या तपासणीतही हीच स्थिती असली, तर शस्त्रक्रिया करून दोन-दोन बोटांचे स्नायुबंध एकत्र बांधावे लागतील. मग पेला धरता येईल, सही करता येईल, सदऱ्याची बटणं लावता येतील.

“आणि दोरा?” लोणारींनी विचारलं.

“बोटं जोडीनंच हलतील, सर. एकेकटी नाही. आणि एकदा बांधलं की सोडता येत नाही.”

येवल्याला परतताना चालकरहित गाडीत लोणारी खिडकीबाहेर बघत राहिले. पेला काय, डाव्या हातानंही धरता येतो. कुमुदताईंनी त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि येवला येईपर्यंत सोडला नाही.

मार्गशीर्षात तांबोळी स्वतः येवल्याला आले. प्रयोगशाळेच्या टेबलावर मोजा शहाण्यासारखा वागतो, मग लोणारींच्या हातावर रोजच्या कामात याला काय होतं, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यांनी दिवसभर लोणारींना पेले उचलायला लावले, कुलपं उघडायला लावली, आणि संध्याकाळी हात टेकले. पाहुण्याला असं उदास पाठवायचं नाही म्हणून कुमुदताईंनी सगळ्यांना गच्चीवर नेलं. लोणारींनी डाव्या हातानं कसाबसा पतंग चढवला आणि आसारी तांबोळींच्या हातात दिली. आसारी म्हणजे दोरा गुंडाळायची लाकडी फिरकी. ती धरायला वेगळा माणूस लागतो, आणि लग्न झाल्यापासून लोणारींची आसारी कुमुदताईंनीच धरली होती.

तांबोळी मदतीला फार उत्सुक. पतंग खाली झुकताना दिसला की ते झपाट्यानं दोरा गुंडाळत. त्याच क्षणी लोणारीही ओढत, आणि दुहेरी ओढीनं पतंग डोक्यावर पडायला येई. मग घाबरून दोघंही एकदम ढील देत, की तो शेजारच्या टाकीवर. तिसऱ्यांदा पतंग टाकीवरून काढून आणल्यावर कुमुदताईंनी आसारी काढून घेतली.

“आसारी धरणाऱ्यानं पतंगाकडे बघायचं नसतं, डॉक्टर. उडवणाऱ्याच्या हाताकडे बघायचं. दोघं पतंगाकडे बघायला लागले, की पतंग कुणाचंच ऐकत नाही.”

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पतंग बघितलाच नाही?” तांबोळींनी विचारलं.

“ह्यांचा हात बघितलाय. वर काय झालं ते आरडाओरड्यावरून कळतं.”

तांबोळी हसले, मग हसता हसता थांबले. ते कठड्याला टेकून लोणारींच्या मोज्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिथूनच शर्वाणींना फोन लावला.

“मॅडम, आपला मोजा पतंगाकडे बघतोय,” ते म्हणाले.

शर्वाणींना वाटलं, तांबोळी दिवसभर उन्हात उभे राहिले असावेत. मग तांबोळींनी समजावून सांगितलं. मोजा काय करतो? बोट चुकलं की पुढच्या वेळी तितकंच उलट ओढतो. आणि मेंदू काय करतो? तोही तेच. भलतं बोट हललेलं त्यालाही दिसतं, आणि तो आपली आज्ञा वळवतो. दोघांनीही एकच चूक बघितली आणि दोघांनीही ती पूर्ण दुरुस्त केली, की दुरुस्ती दुप्पट होते. बोट पुन्हा चुकतं, आता दुसऱ्या बाजूला. दोघंही पुन्हा शिकतात.

“बोळात दोन भली माणसं समोरासमोर येतात तसं,” शर्वाणी सावकाश म्हणाल्या. “दोघंही वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात. एकानं उभं राहायला हवं.”

“आणि मेंदूला तर उभं करता येणार नाही.”

“नाही. तो शिकायचा थांबला तर आपल्याकडे येणार नाही, वर जाईल.”

म्हणून मोज्याचं शिकणं बंद झालं. तांबोळींनी जड मनानं त्याची चूक बघण्याची सोयच काढून टाकली. मोज्याची मदत आता बोटं काय करतात हे न बघता, आधीच ठरवलेल्या मापानं रोज थोडी थोडी कमी होणार होती, आणि संक्रांतीपर्यंत शून्यावर येणार होती. पहिले काही दिवस हाताचे फार हाल झाले. लोणारींनी चहा दोनदा पायावर आणि एकदा मांजरावर सांडला. मग एका सकाळी मधलं बोट एकटंच हललं. ते हललं तेव्हा लोणारी दाढी करत होते. तसेच, अर्ध्या गालाला साबण, अंगणात येऊन त्यांनी समोरच्या किराणावाल्याला बोट हलवून दाखवलं. त्याला आधी वाटलं भांडायला आलेत.

एकेक बोट असं परत येत गेलं. कुणी घाई केली नाही. नव्या वाटेनं का होईना, पत्रं बरोबर घरी पोचू लागली होती.

संक्रांतीला सकाळीच गावात हलगीसारखी हलकडी वाजू लागली. शर्वाणी आणि तांबोळी तिळगुळाच्या निमित्तानं आले होते, खरं तर हात बघायला. लोणारींनी मोजा उतरवून कठड्यावर ठेवला, उजव्या हातात दोरा घेतला. कुमुदताईंनी आसारी धरली, पतंगाकडे पाठ केली आणि नजर त्या हातावर ठेवली. पतंग सरसर चढला.

समोरच्या गच्चीवरून वकील गुजराथींचा काळा पतंग पेच घ्यायला आला. लोणारींनी ओढ घेतली, आणि नेमका त्याच क्षणी दोरा सैल पडला. पतंग कटला. दुसरा चढवला, तोही तसाच गेला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी ढील द्यायला हात सैल केला, तर दोरा ताठ झाला आणि तटकन तुटला. समोरून वकिलांनी मोठ्यानं विचारलं, की प्राध्यापकसाहेब, आज दान करायचं ठरवलंय का.

लोणारी कठड्यावर बसले. चेहरा उतरला होता.

“शर्वाणी मॅडम, शस्त्रक्रियेची तारीख देऊन टाका,” ते म्हणाले. “पेला उचलतो हा हात. दोरा याला जमत नाही.”

शर्वाणींनी हात हातात घेऊन एकेक बोट तपासलं. प्रत्येक बोट सांगितलं तसं हललं. त्यांना काही उमगेना. कुमुदताई मात्र अपराधी चेहऱ्यानं उभ्या होत्या.

“चूक माझी असेल,” त्या म्हणाल्या. “यांची करंगळी उघडली की ढील, हे मला पाठ आहे. पहिल्या वेळी करंगळी उघडली, मी दोरा सोडला, आणि हे तर ओढत होते. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. म्हणून तिसऱ्या वेळी करंगळी उघडली तेव्हा मी गुंडाळला.”

लोणारींनी मान वर केली. “अगं, करंगळी उघडते आणि तू दोरा सोडतेस हे मला दिसलं, म्हणून तिसऱ्या वेळी ओढताना मी ती मुद्दाम आवळून धरली होती. ढील देताना मग ती आपोआप उघडली.”

तांबोळींनी शर्वाणींकडे पाहिलं आणि दोघंही एकदम हसत सुटले. हात बरा झाला होता. पण तो नव्या वाटेनं बरा झाला होता; आता ओढायची आज्ञा जिथून जायची, तिथलाच एक फाटा करंगळीला गेला होता. ओढताना ती जरा उघडायचीच. बोटं काम चोख करत होती, फक्त त्यांची बोली बदलली होती. आणि लग्नापासून ती बोली वाचत आलेली बाई ती नव्यानं शिकत असतानाच, तिची चूक बघून नवराही शिकत होता.

“बोळात दोन भली माणसं,” तांबोळी म्हणाले.

“एकानं उभं राहायला हवं,” शर्वाणी म्हणाल्या.

लोणारी हसले. हसताना डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी उजव्या हातानं पुसलं, अगदी तर्जनीनं. मग कुमुदताईंना म्हणाले, “ठीक आहे. मी हात बदलत नाही, तूच शीक.”

“मी?” कुमुदताई म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून मीच शिकत आलेय. आता तुम्ही शिका.”

आणि त्यांनी आसारी लोणारींच्या हातात देऊन दोरा स्वतः घेतला.

तांबोळींनी चौथा पतंग जोडून वर सोडला. लोणारींनी मुकाट्यानं आसारी धरली. उजव्या हाताची पाचही बोटं लाकडावर एकेकटी बसली. त्यांची नजर सवयीनं आभाळाकडे वळली, तसं कुमुदताईंनी न बघताच सांगितलं, “हाताकडे.”

त्यांनी नजर खाली आणली. त्या हाताकडे त्यांनी इतकं नीट कधी पाहिलंच नव्हतं. अंगठ्याजवळ पोळ्या लाटून आलेला घट्टा होता. ओढ घ्यायच्या आधी मधलं बोट किंचित वाकायचं. ढील द्यायच्या आधी अंगठा सुटायचा. त्यांनी एकदा चुकून गुंडाळलं, एकदा उशिरा सोडलं, पण हात आपल्याच चालीनं चालत राहिला, त्यांच्या चुकीसाठी जरासुद्धा बदलला नाही. हळूहळू आसारी त्या हातामागे फिरू लागली.

मग एकदम चारी बाजूंच्या गच्च्यांवरून आरोळी उठली. हलकडी कडकडली. तांबोळी नाचू लागले, शर्वाणींनी टाळ्या पिटल्या, समोरच्या गच्चीवर मात्र चिडीचूप झालं.

“काय झालं?” लोणारींनी विचारलं. नजर हातावरून हलली नव्हती.

कुमुदताई उत्तर देईनात. त्या मान वर करून, तोंड उघडं ठेवून आभाळात भरकटत जाणाऱ्या काळ्या पतंगाकडे बघत होत्या, आणि कटलेला पतंग कसा दिसतो हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

“सांगते,” त्या अखेर म्हणाल्या. “थांबा, आधी बघू द्या.”