चारची रेघ

इल्वा आणि एर्मेसची ओळख करून दिली ती निळ्या रंगाच्या एका थेंबानं. दुधाची किटली घेऊन ती दारात आली, आणि टप्प... थेट नाकावर!

"अहो, भिंत रंगवताय की मला?"

"दोघांत निळा कुणाला शोभतो ते बघतोय!" परांचीवरून उत्तर आलं. आगाऊच होता मेला.

इटलीतल्या कार्नियाच्या डोंगरात इल्वाच्या घराच्या भिंतीवरच्याइतकं देखणं सूर्यघड्याळ दुसरं नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वी रंगवलेलं; गाल फुगवलेला सूर्य, भोवती द्राक्षांचे घोस, मधोमध लोखंडी काटा. उडालेले रंग एर्मेसनं असे काही जिवंत केले की येणारा-जाणारा मान वर करून बघतच राही. इल्वाही बघायची... पण घड्याळाकडे थोडंच!

आता फक्त चारची रेघ राहिली होती. तासांच्या रेघा सूर्याकडूनच आखून घ्यायच्या, हा तिच्या वडिलांचा हट्ट. म्हणजे चारला काट्याची सावली पडली की रेघ निघणार, आणि एर्मेस पलीकडच्या खोऱ्यात निघून जाणार. तेच तर तिला नको होतं.

चार दिवस ढगांनी सांभाळून घेतलं. पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तेव्हा बरोबर चारला इल्वानं घड्याळाशेजारच्या खिडकीचं दार बाहेर ढकललं. दाराच्या सावलीत काट्याची सावली गडप! सहाव्या दिवशीही तेच. सातव्याही.

आठव्या दिवशी दार उघडलं, तर पलीकडे परांचीवर तोच उभा.

"रोज चारलाच बरा वारा लागतो तुम्हाला?"

"उकडतं मला," ती म्हणाली. कान मात्र लाल झाले होते.

"हात द्या जरा." त्यानं तिचं बोट धरून भिंतीवर टेकवलं. रंगाखाली बारीकशी खाच लागली, सरळ, लांब. "जुन्या कारागिरानं ओल्या गिलाव्यात कोरलेली चारची रेघ. मला पहिल्याच दिवशी सापडली."

"पहिल्याच... मग बाबांना सांगितलं का नाही? रोज इथं उन्हाची वाट बघत बसायचात ते?"

"उन्हाची कोण बघतंय?" त्यानं तिचं बोट सोडलंच नाही. "मी खिडकी उघडायची वाट बघायचो, इल्वा."