जादा माणूस: एक

सकाळी अकराला काटेवाले हॉटेलच्या काउंटरशी पोचले, तेव्हा खोली तयार नव्हती. खोली दुपारी दोनला मिळणार. आत्ताच हवी तर लवकर आल्याचे पैसे वेगळे. दुसरा टॉवेल वेगळा, किटली वेगळी, इस्त्री वेगळी, आणि खिडकीवाली खोली हवी असेल तर तिचे पैसे आणखी वेगळे.

"उजेडाचेही पैसे घेता म्हणा की!" काटेवाले म्हणाले.

काउंटरवरची मुलगी हसली नाही. "खिडकीचे घेतो, सर. उजेड फ्री आहे."

घ्या! काटेवाल्यांनी कपाळाला हात लावला. कारखान्यांतले वजनकाटे तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि त्यातली बावीस वर्षं ते याच जागी उतरत होते. तेव्हा हे हॉटेल नव्हतं, दुमजली लॉज होतं. मालक स्वतः गरम पाण्याची बादली दाराशी आणून ठेवायचा आणि वर विचारायचा, "पुरेल ना? की आणखी एक आणू?" चावीला हा एवढा लाकडी ठोकळा बांधलेला असायचा, कुणी चुकून खिशात घालून नेऊ नये म्हणून. आता कार्ड होतं, आणि ते हरवलं तर दंड.

आणि तेव्हा दाजी होते. ताईचे यजमान. त्यांनीच मेहुण्याला या धंद्यात ओढलं. दौरा नेहमी दोघांचा, खोली नेहमी कोपऱ्यातली, खिडकीकडची खाट दाजींची. मोठा काटा दुरुस्त झाला की दाजी आधी स्वतः त्यावर उभे राहायचे. "बहात्तर किलो चारशे! काटा याहून वेगळं बोलला तर काटा खोटा." आणि खरंच, बावीस वर्षांत त्या माणसाचं वजन हललं नाही. चहात साखरेच्या दोन पुड्या घालायचे, तरीही. रिकाम्या पुड्यांना घड्यांवर घड्या घालून इवलासा त्रिकोण करायचे आणि बशीत ठेवून द्यायचे. ताई चिडायची, पण तिच्याही घरात ते त्रिकोण सगळीकडे सापडायचे.

दोन वर्षांपूर्वी त्याच खोलीत एका सकाळी दाजींना छातीत जरा जड वाटायला लागलं. घरी जाऊन डॉक्टरला दाखवतो म्हणाले. पिशवी उचलली, दारात थांबले आणि म्हणाले, "येतो रे." काटेवाले जमिनीवर एक काटा उघडून बसले होते, दातांत स्क्रू धरलेला. मान वर न करता ते म्हणाले, "बरं."

दाजी घरी पोचलेच नाहीत. काटेवाल्यांना ते "बरं" दोन वर्षं खात होतं. मेलं एकदा मान वर करायला काय पैसे पडत होते?

त्यांनी खिडकीचे पैसे भरले आणि कोपऱ्यातली खोली घेतली. दोन पलंग होते. दोन्हींच्या मधे त्यांनी आपला पाटाएवढा तपासणीचा काटा ठेवला आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कागद न्यायला ते खोलीवर आले. न्हाणीघरात दोन टॉवेल लटकत होते. दुसरा त्यांनी मागवला नव्हता. तो ओला होता. "चला, काहीतरी फुकट दिलं," असं म्हणून ते वळले, तर टेबलावर चहाचा कप दिसला. बशीत दोन इवलेसे त्रिकोण होते.

काटेवाले बिनसाखरेचा चहा पीत. सफाईवाल्याची सवय असेल. पुड्यांना घड्या घालणारा जगात काय एकच माणूस होता? त्यांनी कप स्वतः धुतला. त्रिकोण मात्र टाकवले नाहीत, खिशात ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बिल आलं. जादा माणूस: एक. दिवस: तीन.

"हे काय नवीन?" काटेवाले काउंटरवर उसळले. "मी एकटा आहे! ऑफिसचा हिशेबनीस मला सोलून काढेल."

"तुम्ही एकटेच आलात, सर. पण दुसरे साहेब त्या खोलीत आधीपासून आहेत ना. त्यांचं चेकआउट झालेलंच नाही." मुलीने स्क्रीन फिरवली.

दाजींचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. निघाल्याची वेळ कोरी. पुढे शेरा: येतो म्हणून गेले.

लॉजचं जुनं रजिस्टर कुणीतरी अक्षरशः जसंच्या तसं कॉम्प्युटरवर चढवलं होतं. काटेवाल्यांना हसूच फुटलं. "अहो, निघताना येतो असंच म्हणतात! जातो कोण म्हणतं?"

"मला माहितीये, सर. सिस्टीमला नाही ना." तिने एक कागद पुढे सरकवला. "शेऱ्यात नुसतं 'गेले' लिहा आणि सही करा. पैसे निघतील, आणि त्यांची ओळही कायमची बंद होईल."

काटेवाल्यांनी पेन घेतलं. 'गे' लिहिलं. पुढचं अक्षर हाताला येईना. दोन वर्षांत ताईसमोरसुद्धा त्यांनी तो शब्द उच्चारला नव्हता.

"राहू दे," ते म्हणाले. "लावा जादा माणूस."

पिशवी आणायला ते वर गेले.

काट्याचे सेल त्यांनी सकाळीच काढून पिशवीत टाकले होते. तरी काट्याचे लाल आकडे पेटलेले होते.

७२.४००.

खोलीत ओल्या साबणाचा वास होता. या वेळी काटेवाल्यांनी मान वर केली. नीट, पूर्ण वर केली. काट्यावर कुणीच नव्हतं. पलीकडे खिडकी होती आणि भरपूर उजेड.

"दाजी," ते म्हणाले, "त्या दिवशी मी बघायला हवं होतं हो तुमच्याकडे."

आकडे हलले नाहीत.

पिशवी उचलून ते दारात थांबले, आणि जन्माच्या सवयीने बोलून गेले, "येतो."

"बरं," आतून आवाज आला.

त्यात राग नव्हता. दातांत काहीतरी धरून, मान खाली घालून कामात असलेला माणूस बोलतो, तसा आवाज.

काटा तिथेच राहिला. खाली येऊन त्यांनी घासाघीस न करता सगळे पैसे भरले. मुलीने पावती हातात दिली. खाली आल्यापासून ते एक शब्दही बोलले नव्हते.

पावतीवर दोन नावं होती, दाजींचं आणि त्यांचं. दोन्हींपुढे निघाल्याची वेळ कोरी होती. आणि शेरा एकच होता: येतो म्हणून गेले.