लेझर घ्या, मॅडम!

छत्री तिची, आणि भिजला मात्र सुदर्शनचा कागद!

मंचरच्या एसटी स्टँडसमोर सुदर्शन काळेचं कॉम्प्युटरचं छोटं दुकान. श्रावणातली सर आली, स्टँडवरची माणसं मिळेल त्या आडोशाला पळाली, आणि ही पोरगी सरळ दुकानात शिरली. शिरली ती शिरली, वर काउंटरवरच छत्री मिटली. समोर सत्यनारायणाच्या पूजेचं नुकतंच छापलेलं रंगीत आमंत्रण होतं. त्यावर टपटप थेंब पडले आणि निळी अक्षरं ओघळून पार यजमानांच्या नावापर्यंत गेली.

“अगं बाई!” तिनं जीभ चावली. “सॉरी हं भाऊ... पुसू का?”

“पुसू नका, आणखी पसरेल. इंकजेटची शाई अशीच. पाणी लागलं की खेळ खलास.” मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं लेझर प्रिंटरवरचा दुसरा कागद तिच्यापुढे धरला. “आता ह्याच्यावर शिंपडा.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

तिनं छत्री झटकली. कागद भिजला, पण अक्षर जागचं हललं नाही. ती हसली. हसताना तिचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला दिसला. सुदर्शनला वाटलं, आज हा पाऊस थांबूच नये.

पोरीचं नाव प्राची हिंगे. राहणार अवसरी बुद्रुक. गावातल्या दहावीच्या मुलांची शिकवणी घ्यायची, आणि प्रश्नपत्रिका छापायला दर वेळी मंचरला हेलपाटा मारायची. शिकवणीच्या पैशातून कॉम्प्युटर घेतला होता, आता घरी प्रिंटर हवा होता. कोणता घ्यावा?

“लेझर घ्या, मॅडम,” सुदर्शन म्हणाला. “सुरुवातीला महाग पडतो, पण तुमचं काम काळ्या अक्षरांचं. एकदा टोनर टाकला की वर्षभर बघायला नको. इंकजेट स्वस्त दिसतो, पण त्याची शाई दर महिन्याला भरायला यावं लागेल. पंधरा दिवस वापरला नाही तर वाळून पण बसते.”

“दर महिन्याला इथं यावं लागेल?”

“हो ना.”

“आणि लेझर घेतला तर?”

“वर्षभर दुकानाचं तोंड बघायला नको.”

बोलला खरा, आणि लगेच स्वतःवरच चिडला. अरे गाढवा, कुणाला सांगतोयस हे? पण सुदर्शन पडला सरळ माणूस. गिऱ्हाइकाला चुकीची वस्तू गळ्यात मारणं त्याला जमायचंच नाही, मग ते गिऱ्हाईक कितीही गोड हसो.

प्राचीनं दोन्ही मशिनं न्याहाळली. मग त्याच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

“इंकजेट द्या,” ती म्हणाली.

“अहो पण...”

“भूगोलाचे नकाशे असतात. रंग लागतो.”

झालं! तिसऱ्या आठवड्यातच शाई संपली. सुदर्शन इंजेक्शनच्या सुईनं हळूहळू शाई भरायचा आणि प्राची काउंटरला कोपर टेकून बघत राहायची. त्याची बोटं कधी निळी, कधी गुलाबी. एकदा तर नाकावरच डाग! तिनं हसत हसत रुमाल पुढे केला, तो त्यानं नाकाला लावला आणि नंतर परत द्यायचं सोयीस्कर विसरला. दुसऱ्या खेपेला तिनं विचारलं, “मॅडम काय म्हणता हो? मी तुमच्यापेक्षा लहान आहे.” तिसऱ्या खेपेपासून तिच्या तोंडचं ‘भाऊ’ गळालं. ते काही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. त्या दिवशी त्यानं तीन गिऱ्हाइकांना चहा पाजला.

तरी ह्याचं आपलं एकच पालुपद. “अजून बदलून देतो. लेझर घ्या. किती खेपा मारताय तुम्ही.”

“माझं तोंड बघायचा लई कंटाळा आलाय का?”

“तसं नाही...”

“मग कसं?”

आता इथं बोलायचं होतं की नाही? पण नाही! कान लाल करून गडी सुई साफ करत बसला. सहा महिने असेच गेले. जे सांगायचं ते दर खेपेला ओठापर्यंत यायचं आणि तिथूनच माघारी जायचं.

आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिचे मामा दुकानात आले.

सावळेराममामांनी आल्या आल्या एक कागद काउंटरवर आपटला. “काय राव, मशिन दिलंय का चेष्टा केलीय? आमच्या प्राचीचा बायोडाटा हाय ह्यो! चाकणच्या कंपनीतला इंजिनेर पोरगा, लाखात एक स्थळ. तिनंच घरी छापून दिला, मी बिनचष्म्याचा तसाच पाकिटात घातला. काल त्यांचा फोन. इचारत्यात, पोरीला कावीळ झालीय का?”

सुदर्शनला दोनच शब्द ऐकू आले. स्थळ... चाकण... म्हणजे ही जाणार. त्यानं कागद उचलला. फोटोतल्या प्राचीचा चेहरा कच्च्या कैरीसारखा हिरवागार होता.

“लाल शाई संपली असेल,” तो कसाबसा म्हणाला.

“ते मला काय कळत न्हाई. आत्ता घरी चल आन् नीट करून दे. आईतवारच्या आत दुसरा पाठवायचाय. त्यांचा व्हकार आला की सुपारीच फोडायची.”

सुदर्शननं पुन्हा कागदाकडे बघितलं. कागदाच्या माथ्यावर गणपती होता. लालभडक गणपती, कुंकवासारखा! भोवतीची वेलबुट्टीही लाल. एकाच कागदावर, एकाच शाईत देव लाल आणि पोरगी हिरवी? मशिन असं कधी करत नाही. शाई तर त्यानं स्वतः गेल्या सोमवारी काठोकाठ भरली होती. म्हणजे फोटोतला लाल रंग कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून काढून टाकला होता. आणि त्या घरात कॉम्प्युटर चालवणारं माणूस एकच.

त्याचा जीव असा भांड्यात पडला म्हणता! मग त्यानं घड्याळाकडे बघितलं. बारा वाजता लोडशेडिंग.

“मामा, पाच मिनिटं बसा. चहा घ्या.”

तो कीबोर्डवर तुटून पडला. थोड्याच वेळात लेझर प्रिंटर घरघरला आणि एक कागद बाहेर आला. तो त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

“ते काय रं?” मामांनी बशीतला चहा फुंकत विचारलं.

“टेस्ट पेज,” सुदर्शन म्हणाला.

अवसरीला पोचले तेव्हा प्राचीचे वडील, अण्णा, ओट्यावर बसून लसणाच्या जुड्या बांधत होते. मामा त्यांच्याशेजारी टेकले. सुदर्शन आतल्या खोलीत प्रिंटरपाशी गेला. प्राची पाण्याचा पेला घेऊन आली. आज हसली नाही.

“गणपती लाल आहे,” तो हळूच म्हणाला.

“असणारच. देव आहे तो.”

“आणि तुम्ही हिरव्या.”

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

“सरळ नको म्हणायचं ना घरी.”

“म्हटलं. मामा म्हणाले, कारण सांग.” ती गर्रकन वळली. डोळ्यांत पाणी, पण आवाज असा खणखणीत! “काय कारण सांगणार होते मी? तुम्ही कधी काही बोललात? सहा महिने झाले... आलं की आपलं लेझर घ्या, लेझर घ्या!”

सुदर्शनचे कान तापले. पण आज तो सुई साफ करत बसला नाही. त्यानं खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला.

सुदर्शन भिमाजी काळे. जन्मगाव घोडेगाव. शिक्षण, उंची, स्वतःचं दुकान. आणि सगळ्यात खाली, ‘अपेक्षा’ या शब्दापुढे एकच ओळ – ‘अवसरीची, भूगोल शिकवणारी, दर महिन्याला येणारी... आता कायमची यावी.’

प्राचीनं ती ओळ दोनदा वाचली. मग पेल्यात बोटं बुडवली आणि कागदावर पाणी शिंपडलं. थेंब पडले. अक्षर जागचं हललं नाही.

“पक्कं दिसतंय,” ती म्हणाली, आणि तो चढलेला दात अखेर दिसला.

“लेझर आहे,” सुदर्शन म्हणाला. “आणि मी पण.”

तो पुढे काही बोलायच्या आत ती कागद घेऊन ओट्यावर गेलीसुद्धा! हा तिच्या मागोमाग दारापर्यंत आला. मामांनी या खेपेला आठवणीनं चष्मा लावला, कागद वाचला आणि ओरडलेच, “आरं, हे तर तुझं टेस्ट पेज!”

अण्णांनी कागद घेतला. सावकाश वाचला. घोडेगावच्या भिमाजी काळ्यांना ते बाजारात ओळखत होते, माणूस चांगला होता. त्यांनी एकदा दारात उभ्या सुदर्शनकडे बघितलं, एकदा लेकीकडे.

“काय गं प्राची? हे कधीपासून?”

“अण्णा, घरी लेझरच घ्यायला पाहिजे होता. हे मला पहिल्या दिवशीच पटलं होतं.” ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. “पण लेझर घेतला असता तर वर्षभर मंचरला जायला निमित्त काय राहिलं असतं?”

मामांचा आ वासलेलाच राहिला. सुदर्शन तर दाराची चौकट धरून उभा होता. म्हणजे त्याचा एकेक शब्द पटूनसुद्धा हिनं चुकीचा प्रिंटर घेतला होता... त्याच्यासाठी!

अण्णांनी लसणाची जुडी खाली ठेवली. “मग आता ह्या रंगीत मशिनचं करायचं काय?”

“राहू द्या अण्णा,” सुदर्शननं धीर केला. “लग्नपत्रिका... रंगीतच लागेल.”

अण्णांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मिशीतल्या मिशीत मात्र हसले.

“छापा,” ते म्हणाले. “पण पावणं, नवरी हिरवी आली तर याद राखा.”